बॅटरी कोणत्या रकान्यात?

मुलगी आठवीत, इंग्रजी माध्यमात. तिला कामरेजच्या विज्ञान प्रदर्शनाला जायचं होतं. विजेच्या इतिहासाचा तक्ता बिनचूक झाला तरच पाठवू, असं टीचरनी सांगितलं होतं. तक्त्याला दोन रकाने, डिस्कव्हरी आणि इन्व्हेन्शन. एकेका गोष्टीची चिठ्ठी करून ती त्यातल्या एकात चिकटवायची.

मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, हिशेब पाहतो. रकाने भरणं हे माझं रोजचं काम, म्हणून आपण होऊन मदतीला बसलो आणि पहिल्याच चिठ्ठीला अडलो. दोन्ही रकान्यांना मला मराठीत एकच शब्द येत होता, शोध. विजेचा शोध लागला, बल्बचाही शोधच लागला. बायको शेजारच्या गुजराती बेनना विचारून आली. गुजरातीतही शोधच.

आई भाजी निवडत होती. ती घरात अजून अहिराणीच बोलते. "वीज ते आभायमा व्हतीच," ती म्हणाली, "मंग त्यासनी काय शोधं?"

त्यावरून मुलीने नियम काढला. आधीपासून होतं ते डिस्कव्हरी, माणसाने नव्याने केलं ते इन्व्हेन्शन. मग काम भराभर झालं. तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवला की वीज वाहते, हे पहिल्या रकान्यात. जनित्र दुसऱ्यात. बल्बही दुसऱ्यात.

मग बॅटरी आली. मुलीने पुस्तकातून वाचून दाखवलं. एकाने मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू लावले, तर पाय उडाला. तो म्हणाला, वीज बेडकात आहे. दुसरा म्हणाला, बेडकात नाही, दोन धातूंमुळे आहे. ते पटवायला त्याने बेडूक वगळला. दोन धातूंच्या चकत्या आलटूनपालटून रचल्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा घातला. ती पहिली बॅटरी. म्हणजे केली वस्तू, पण दाखवायचं होतं ते आधीपासून असलेलं काहीतरी.

मी चिठ्ठी इकडे ठेवली, तिकडे ठेवली. ज्या नोंदीचं खातं ठरत नाही, ती आम्ही तात्पुरती उचंत खात्यात टाकतो. तसा तिसरा रकाना मी सुचवला. मुलीने शाळेत विचारलं. टीचर म्हणाल्या, रकाने दोनच.

"पप्पा, तुमचं उचंत मिलमध्येच ठेवा," असं म्हणून तिने कात्री घेतली आणि एका चिठ्ठीच्या दोन केल्या. 'दोन धातूंमुळे वीज वाहते' ही पहिल्या रकान्यात गेली, 'बॅटरी' दुसऱ्यात. टीचरनी तक्ता पास केला. कामरेजच्या यादीत तिचं नाव आलं.

मला मात्र अजून उलगडत नाही. चकत्या रचल्याशिवाय त्याचं म्हणणं खरं ठरत नव्हतं, आणि ते म्हणणं नसतं तर चकत्या त्याने रचल्याच नसत्या. मग दोन्हींत आधीचं कोणतं? कामरेजला निघालो तेव्हा रिक्षात मी तिला हे विचारलं.

"पप्पा, क्रम कोणी विचारलेलाच नाहीये," ती म्हणाली. "तक्ता नीट धरा, वाकतोय."