पळण्याचे सिनेमे

हे कुणी वाचलंच तर माझ्या अक्षराला आणि चुकांना हसू नका. माझी शाळा चौथीतच सुटली.

मला पळण्याचे सिनेमे फार आवडतात. परवा माहेरी आलेली लेक माझ्याशेजारी बसून टीव्हीवर असाच एक बघत होती. तिचं बाळ मांडीवर झोपलं होतं. सिनेमातली पोरगी पळू लागली तशी ही म्हणाली, "अगं बाई, खांदे सैल सोड की!" मांडी जराही हलली नाही, पण तिच्या पायाची बोटं चटईत रुतली होती. लग्नाआधी ती तालुक्यात पहिली यायची.

"अजून पळतेस का गं?" मी विचारलं.

"पळते की, एसटीच्या मागं!" ती हसली.

सिनेमात शेवटचं पळणं हळू करून दाखवतात, म्हणजे जिंकणारीचा चेहरा नीट दिसतो. माझी लेक जिंकली तेव्हा मला तो दिसलाच नाही. लाजून मी गर्दीच्या मागं उभी राहायचे. तिला बघायला पाहुणे आले तेव्हाही मी दाराआडच राहिले. "अजून थोडं पळू द्या तिला," एवढंच म्हणायचं होतं.

लेक सासरी परत गेली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पेढे आणले. तिच्या लग्नाचं कर्ज पुरतं फिटलं होतं.