भिंतीवरचं जपानी ताट

आमचे आबा, म्हणजे वडील, माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याचे पाय बघतात. कोल्हापुरात आमचं चपलांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की आबा तोंडावर सांगतात, "ही कोल्हापुरी न्हाय, पावणं. फसवलंय तुमास्नी." मग आपल्याकडचा जोड त्याच्या नाकाशी नेतात. "वास घ्या. कातडं हाय, रेक्झिन न्हवं." मी एकदा हौसेनं मशीनच्या शिलाईच्या स्वस्त चपला विकायला आणल्या, तर त्यांनी त्या भर रस्त्यात भिरकावल्या.

असल्या माणसाच्या गादीमागं एक ताट टांगलेलं होतं. निळी-तांबडी फुलं, सोनेरी वेलबुट्टी. आजोबांनी कुठल्याशा बंगल्याच्या लिलावात घेतलेलं. "अस्सल जपानी," आबा येईल त्याला सांगत, जणू स्वतः जपानला जाऊन उचलून आणलंय.

गेल्या वर्षी जुन्या भांड्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई चपला घ्यायला आल्या. आबा घरी जेवायला गेले होते. बाईंनी मला विचारून ताट उतरवलं, उलटं करून पाहिलं. म्हणाल्या, "हे चीनमधलं. युरोपात जपानी भांड्यांना मागणी फार, म्हणून चिनी कारागीर तशीच नक्षी काढून माल पाठवायचे. नक्कल खरी, पण फार जुनी आहे हं!"

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. रस्त्यावरच्या त्या चपला मी विसरलो नव्हतो. आबा आल्या आल्या सगळं ऐकवलं, वर "वास घेऊन बघायचा की," असंही म्हणालो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताट फडक्यानं पुसून परत भिंतीवर टांगलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी गगनबावड्याचं आमचं जुनं गिऱ्हाईक आलं, सोबत मुंबईचे व्याही. हा गडी वीस वर्षं आमच्याकडून चपला नेतोय, पण वास घेतल्याशिवाय एकही जोड नेलेला नाही. नवा जोड हातात घेत तो म्हणाला, "आबा, पावण्यास्नी सांगा की जपानच्या ताटाचं."

मी मान खाली घातली. खरं सांगितलं तर आबांच्या शब्दावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार?

आबांनी घसा खाकरला. "जपानी न्हाय ते. चिनी हाय, जपानीची नक्कल. मला आजच कळलं. इतकी वर्सं तुमास्नी चुकीचं सांगत आलो."

गिऱ्हाईकानं हातातल्या चपलांकडं बघितलं. "मग ह्या तरी कोल्हापुरी हायत न्हवं?"

"वास घ्या," आबा सवयीनं म्हणाले, पण आवाज पडला होता.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि चपला तशाच पायात घातल्या.