तिनं लेकीचं नाव विचारलं

भूकंपात मला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं, माझ्या गिरिजाला काढायला उशीर झाला. त्यानंतर मी महादेवापुढं हात जोडले नव्हते. गाव सोडून आम्ही नवरा-बायको लातूरला आलो, क्लासेससाठी येणाऱ्या मुलींकरता मेस चालवू लागलो. दरवर्षी मुलींची संख्या वाढत गेली. त्यांना जेवायला वाढताना मनात यायचं, गिरिजा आता एवढीच झाली असती, आणि वरणाचा डाव हातातच राहायचा. मला त्रास नको म्हणून घरात कुणी तिचं नाव काढत नसे. पण त्या गप्प घरात माझा जीव घुसमटायचा. मीही तिच्यासोबतच का गेले नाही, असं रोज वाटायचं.

थोरल्या जाऊबाईंनी हट्टानं रामेश्वरच्या यात्रेला नेलं. तिथंही मी देवळाच्या दारातून परत फिरले.

"आगं, इतक्या लांब येऊन दर्शन न्हाई घेतलंस?" जाऊबाई कळवळून म्हणाल्या.

पुढं केरळात एक मोठी वनस्पतींची बाग पाहायला आमची गाडी थांबली. माणसाएवढी पानं, खोडालाच लगडलेली फुलं, जिकडंतिकडं ओलं, हिरवंगार. मला त्या हिरवेपणाचाच राग आला. इथल्या मातीला एवढी माया, मग आमच्याच मातीनं असं का करावं? सगळ्यांच्या मागोमाग मी काचेच्या छताच्या घरात शिरले. दमट वाफ तोंडावर आली आणि छत अंगावर येतंय असं वाटलं. श्वास कोंडला. मी 'माय गं' असं किंचाळत बाहेर पळाले आणि एका झाडाच्या मुळांपाशी कोसळले.

डोळे उघडले तेव्हा बुरखा घातलेली एक बाई मला पाणी पाजत होती.

"'माय गं' ऐकलं अन् धावत आले. मीबी मराठी मुलखातली, बिलोलीची हाय. तुमचं गाव कोणतं, बाई?"

"आम्ही लातूरकडचे. भूकंपात आमचं गाव गेलं, आता न्हाई."

ती समजली. हळूच म्हणाली, "कोण गेलं?"

"लेक."

"नाव काय व्हतं पोरीचं?"

"गिरिजा," मी म्हणाले. इतक्या वर्षांत ते नाव पहिल्यांदाच तोंडातून निघालं.

"गिरिजा," तीही म्हणाली, ओळखीच्या पोरीला हाक मारावी तशी. "कशी व्हती?"

मग मी सांगतच सुटले. तिचा घोगरा आवाज, चिंचेसाठीचं भांडण, झोपेत माझा पदर धरून ठेवणं. सांगताना ढसाढसा रडले. तिनं माझा हात सोडला नाही.

"अल्लानं का नेली, मला न्हाई ठाऊक," ती म्हणाली. "पर पोरगी तुमचीच हाय. नाव घेत जावा."

तिच्या लेकानं हाक मारली, तशी ती उठून गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तिला तिथं कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. तिचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही. माझं दुःख कमी झालेलं नाही, छताखाली झोप अजूनही येत नाही. पण लातूरला परतल्यावर सोमवारी मी देवळात गेले. हात जोडले, गिरिजाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "देवा, तुझ्यावर माझा लई राग हाय. तो ठेवायला दुसरी जागा न्हाई, म्हणून तुलाच वाहते."

आणि त्यानं तो घेतला.