ससा रेघ ओलांडतो

इत्तूला मैदानावर सगळे ‘ससा’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती हसायची. मी तिथं असते तर एकेकाचे दात हातात दिले असते.

मोठ्या शर्यतीत ससा लागतोच. सुरुवातीपासून पुढं राहून वेग लावून द्यायचा, मागून येणाऱ्या राण्यांना वारा लागू द्यायचा नाही, आणि दोन तृतीयांश अंतर झालं की ठरलेल्या रेघेपाशी गुपचूप बाजूला व्हायचं. पदक मागचीला. इत्तूनं हे सात वर्षं केलं, रबातपासून युरोपातल्या मैदानांपर्यंत. तिच्या पाठीमागं पळून तिघींनी विक्रम मोडले. पेपरातल्या फोटोंत इत्तूचं नुसतं कोपर दिसतं. छातीवरच्या पट्टीवरसुद्धा तिचं नाव नसायचं. ‘ससा’, बस्स.

मग गुडघा बोलायला लागला. खनिफ्राच्या डोंगरातल्या मेंढपाळाची ही पोर, पण घरी जाऊन मेंढ्या मोजत बसली नाही. संध्याकाळच्या कॉलेजात हिशेबाची पदवी घेतली आणि कासाब्लांकात एका वित्तसंस्थेत लागली. सहा महिने उमेदवारीवर, जमलं तरच पक्की. तिथं सगळे फ्रेंच शाळांतून शिकलेले. ही अरबी बोलली तरी मागून डोंगर ऐकू येणार.

मी फदिला. याच शहरात, दर्ब सुलतानच्या बाजारात तीस वर्षं सार्डिन विकतेय. मासळी बांधायच्या रद्दीवर वाचायला शिकले, आणि आता अडतीस मासेवाल्यांच्या संघाची अध्यक्ष आहे. आमच्या हातगाड्या उचलायला आलेल्या दोन साहेबांनी आपणहून बदली मागून घेतली. एवढी ओळख पुरे.

आम्हाला हवी होती आमच्या मालकीची शीतखोली. तो कर्जाचा अर्ज इत्तूच्या टेबलावर गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एक काटकुळी बाई स्टॉपवॉच घेऊन माझ्या गाडीशेजारी उभी! मला वाटलं नगरपालिकेची हेर. बादलीभर खारं पाणी ओतलं तिच्या बुटांवर.

ती खाली बघून म्हणाली, “मावशी, मी अडथळ्यांच्या शर्यतीत होते. प्रत्येक फेरीला एकदा पाण्यात उडी असतेच.”

आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं? मी तिला मसमन, आमची घडीची पोळी, खाऊ घातली, मध लावून.

महिनाभर येत राहिली. एकदा विचारते, “जानेवारी-फेब्रुवारीत काय करता?”

“माश्या मारते. मासे धरायला बंदी असते. समुद्राला विश्रांती!”

“आणि हप्ता?”

“त्याला कुठली गं विश्रांती!”

ती वहीत काहीतरी खरडू लागली. “चढावर वेळ सारखा राखला तर माणूस मोडतो, मावशी. श्वास सारखा राखायचा. माझे बाबा मेंढ्या तशाच वर नेतात. लंगडीला धाप लागली नाही, तर कळपाचा वेग बरोबर.”

“लंगडी कुणाला म्हणतेस?”

“तुम्हाला नाही. तुम्ही तर शिंगवाल्या.”

म्हणून तिनं हप्तेच वाकडेतिकडे लावले. उन्हाळ्यात भरभक्कम, समुद्राच्या विश्रांतीत चिमूटभर. सहा महिने संपत आलेले. समितीनं ते मानलं तर तिची नोकरी पक्की; नाहीतर शनिवारची खनिफ्राची बस.

यात एकच मेख होती, आणि तिचं नाव सी रिदवान, म्हणजे रिदवानसाहेब, इत्तूचा वरिष्ठ. याआधी पाच अर्ज तिनं रक्त आटवून तयार केले. पाचही वेळा समितीच्या दाराशी त्यानं फाइल काढून घेतली आणि म्हणाला, “शाब्बास, इत्तू. पुढचं मी पाहतो.” पाचही मंजूर झाले, त्याच्या नावावर. मैदानावर निदान आधी सांगून ससा करतात!

गुरुवारी दहा वाजता मी अर्जदार म्हणून आत बसले होते, ठेवणीतला जल्लाबा घालून. दाराशी तेच झालं. “शाब्बास, इत्तू. पुढचं मी पाहतो.” ती बाहेरच्या बाकावर बसली. मला राग असा आला की खुर्चीचा हात निखळला. खरंच निखळला, मी तो मांडीखाली लपवला.

समितीच्या प्रमुख लल्ला नुझहा, म्हणजे नुझहाबाई. साठीच्या, ऐसपैस, चष्म्यावरून बघणाऱ्या. म्हणाल्या, “सी रिदवान, हे हप्ते असे का? एक हत्ती, एक मुंगी?”

सी रिदवान हसला. “टायपिंगची चूक, लल्ला. ती डोंगराकडची मुलगी आहे ना! सगळे सारखे करून देतो.”

मी खुर्चीचा हात घेऊन उठले. दार उघडलं आणि ओरडले, “इत्तू! तू टायपिंगची चूक आहेस म्हणे!”

इत्तू उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. सात वर्षांची सवय पायात होती. रेघ आली की बाजूला. भित्र्याला सशाचं काळीज म्हणतात ना? त्या काळजानं तेव्हा काय उडी घेतली! पोरगी आत आली.

“चूक नाही, लल्ला. मुद्दाम केलंय. समजावते, पण जिन्यात.”

“जिन्यात?”

“वर चार मजले आहेत. सी रिदवान, तुम्ही दर मजला वीस सेकंदांत चढायचा. तिसऱ्या मजल्यावर फायलींचे दोन खोके पडलेत, तिथून पुढं ते उचलून न्यायचे. ती समुद्राची विश्रांती. वेळ मात्र तीच. लल्ला, तुम्ही बोलता येईल तेवढ्याच वेगानं चढा. बोलणं तुटलं की वेग कमी.”

मग लल्ला नुझहांनी चपला काढल्या. “मी मुलाच्या लग्नाचं सांगते. ते काही तुटायचं नाही.”

काय वरात निघाली ती! पुढं स्टॉपवॉच घेऊन इत्तू, मागं बिनचपलांच्या लल्ला, त्यांच्यामागं समितीचे दोघे सूटवाले, आणि शेवटी खुर्चीचा हात परजत मी. पहिले दोन मजले सी रिदवान हरणासारखा गेला. तिसऱ्यावर खोके घेतले आणि अर्ध्या जिन्यात बसला तो बसलाच. टाय खांद्यावर, तोंड सार्डिनसारखं उघडं.

लल्ला नुझहा त्याला वळसा घालून चढल्या. “...तर नवरीची आई म्हणते, वाजंत्री आमचे... हप्ता चुकला हो, सी रिदवान! ...तर मी म्हटलं, वाजंत्री कुणाचेही असोत...”

गच्चीवर पोचल्या तेव्हा नवरीची आई हरली होती आणि लल्ला अजून बोलतच होत्या. एकदम थांबल्या, कठड्याला टेकून इतक्या हसल्या की समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली.

“आहे तसाच मंजूर. मुंगीसकट! आणि पोरी, हे सगळं आत बसून मला का नाही सांगितलंस? सहा महिने होतीस कुठं?”

“बाकावर, लल्ला.”

“बाक काढून टाकू. चल, तुझ्या सहीचा कागद होऊ दे.”

खाली येताना उंबऱ्याशी इत्तू थांबली नाही. सरळ गेली, सी रिदवानच्या खुर्चीत बसली, पेन उघडलं आणि ‘सादर करणार’ या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

शाई वाळते न वाळते तोच सी रिदवान दारात आला, खोके छातीशी धरून. इत्तूनं मान वर केली.

“शाब्बास, सी रिदवान. पुढचं मी पाहते.”

तो इतका दमला होता की ‘बरं’ म्हणाला.