कागदावरचं ‘बरे आहे’

गल्लीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. काम कपडे दुरुस्त करून द्यायचं, आणि जीभही त्याच जातीची. कुणी म्हणालं, ‘कंबर जरा सैल करा,’ की ही विचारणार, ‘पुन्हा? मागच्या महिन्यात केली ती कुठे गेली?’ नाकावर माशी म्हणून बसू द्यायची नाही. पण नवरा गेला आणि बाईची वाचाच बसली. गिऱ्हाइकं टोमण्याची वाट बघत उभी राहत, ही मुकाट्याने माप घेई.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. दवाखान्यात रक्तदाबाच्या नव्या गोळीवर संशोधन चाललं होतं, त्यात त्याने नाव दिलं. सातव्या महिन्यात सकाळी घराच्या जिन्यावरून पडला, तो उठलाच नाही. लग्न झालेली मुलगी तेव्हापासून एकच धरून बसली होती, ‘बाबांना काय होतंय ते आपल्याला कळलं असतं, तर मी त्यांना तिथून ओढून आणलं असतं.’ टाचणीबाई मान खाली घालून ऐकायची.

पुढे दवाखान्याने ठरवलं, संशोधनात पेशंट आणि त्यांच्या घरच्यांनाही सोबत बसवायचं. काय विचारायचं, कसं विचारायचं, ते मिळून ठरवायचं. तिला बोलावणं आलं. तिला वाटलं, शोभेला बसवतायत झालं. पण डॉक्टरीणबाई खरोखरच विचारत, ऐकत आणि लिहून घेत. तिसऱ्या बैठकीला तिने नवऱ्याचे कागद बघायला मागितले. सहा तपासण्या. ‘काही त्रास?’ याच्यापुढे सहाही वेळा नर्सने लिहिलेलं, ‘बरे आहे.’

“हे ते कधी म्हणाले?”

“तपासणीच्या शेवटी,” नर्स म्हणाली. “मी सांगायचे, काही वाटलं तर कळवा हं. ते म्हणायचे, बरं आहे.”

“अगं बाई, ते तब्येतीचं नव्हे. ते निघतानाचं. ठीक आहे, कळवीन, येतो आता, असं. फोन ठेवतानाही ते हेच म्हणायचे.”

नर्सचा चेहरा पडला. बाकीच्यांच्या कागदांच्या गठ्ठ्यात असे आणखी किती निघणार, देव जाणे. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“मग घरी काही बोलले होते? घरच्यांनी लिहून दिलं तर तो त्रास गोळीचा म्हणून तपासता येईल. नाहीतर नुसता अपघातच राहील. अजून दोनशे माणसं ही गोळी घेतायत.”

नवरा बोलला होता ना. अंथरुणातून उठताना म्हणाला होता, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते गं.’ आणि ती म्हणाली होती, ‘कधी नव्हे ती एक गोळी लागू पडलीय. सांगत बसाल आणि बंद करतील.’ तो म्हणाला, ‘बरं आहे.’ जन्मभर बायकोचं ऐकणारा माणूस, हेही ऐकलं. आता ती कुणाच्या नावाने बोटं मोडणार?

कागदावर घरच्या आणखी एकाची सही लागणार होती. दुसरं होतंच कोण? मुलगी कामावरून तशीच दवाखान्यात आली. तोवर आईने सगळं लिहून ठेवलं होतं. कधीपासून, किती वेळा, दवाखान्यात का सांगितलं नाही. शेवटच्या प्रश्नापुढे दोनच शब्द, ‘मी अडवलं.’

मुलीने उभ्यानेच वाचलं.

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“आणि मी वर्षभर तुझ्यासमोर रडतेय.”

मुलीने सही केली, कागद डॉक्टरीणबाईंकडे सरकवला आणि पर्स उचलून निघून गेली.

सोमवारपासून दवाखान्यात प्रत्येकाला बसवून विचारू लागले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का? पहिल्याच आठवड्यात एकोणीस जण हो म्हणाले. त्यांची गोळी कमी केली. हे सांगायला टाचणीबाईने मुलीला फोन लावला. तिने उचलला नाही.