नुबियाला फक्त पक्षी दिसतात

जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नुबिया इम्बाची दोन गोष्टी आधीच बजावायची. चिखल फार आहे, रबरी बूट घाला. आणि पिवळ्या पुलापासून चढ संपेपर्यंत काचा खाली, टोपी हातात, कॅमेरा मांडीवर. मोठी लेन्स लांबून बंदुकीसारखी दिसते, असं ती हसत सांगे. ते खोटं नव्हतं. पण त्या चढाच्या उजव्या अंगाला झाडीत बंदूकवाल्यांचं पत्र्याचं एक छप्पर होतं आणि त्याचा फोटो कुणाकडे असणं परवडणारं नव्हतं, हे ती सांगत नसे.

पुतुमायोच्या याच डोंगरउतारावर ती जन्मली. ती लहान असताना कुणीतरी तिच्या बापाला खबऱ्या ठरवलं आणि कुटुंबाला अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडावं लागलं. बाप वाचला, पण शहरातल्या भाड्याच्या खोलीत तो खिडकीकडे पाठ करून बसायचा. पुढे पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका चमूची स्वयंपाकीण म्हणून नुबिया जंगलात परतली. भात शिजेपर्यंत ती कुणाची तरी दुर्बीण मागून घ्यायची. चाळिशीत ती स्वतःच पाहुण्यांना पक्षी दाखवू लागली. गाव तिला पक्षीवाली म्हणू लागलं. या बाईला पक्ष्यांशिवाय काही दिसत नाही, असा सगळ्यांचा समज होता. तो समज टिकला तरच ती या रस्त्यावर टिकणार होती.

त्या बुधवारी सोबत राजधानी बोगोताचे निवृत्त दंतवैद्य एव्हेलियो होते. गप्पिष्ट माणूस, तिला अदबीने दोन्या म्हणजे बाईसाहेब म्हणायचे. चढाच्या मध्यावर ते एकदम पुढे वाकले.

"दोन्या नुबिया, थांबा जरा. फांदीवर बोबो बसलाय."

"डॉक्टर, कॅमेरा खाली."

"अहो, हलतसुद्धा नाही तो. माझे पेशंट असे बसले असते तर."

बोबो म्हणजे बावळट. हा पक्षी मान आखडून तासन्‌तास एका जागी बसतो, म्हणून हे नाव. नुबियाने ब्रेक दाबला नव्हता, पण चिखलात जीप आपोआप मंदावली होती. कॅमेरा खटखटला. पक्षी उडाला.

पुढच्या वळणावर एक मोटारसायकल आडवी लावलेली होती. तिच्यावर रेलून एक माणूस उभा होता. धुतलेली फुटबॉलची जर्सी, कमरेला वॉकीटॉकी. हत्यार दिसत नव्हतं. ते न दिसल्यानेच नुबियाने लगेच इंजिन बंद केलं.

"काय शेजारीणबाई, सकाळी सकाळी?" तो म्हणाला. "बघू तो कॅमेरा."

डॉक्टरांनी निमूटपणे दिला. पडद्यावर पानंच पानं होती. हात हलल्यामुळे ती धूसर आली होती. स्पष्ट आलं होतं ते कोपऱ्यातलं पत्र्याचं छप्पर.

"यात पक्षी कुठाय?"

नुबियाने बोट ठेवलं. "हा. बोबो."

"हे वाळकं पान आहे. बोबो मी दिसतो का तुला?"

"पक्षी आहे, दादा. बोलावला तर येईल."

"बोलाव मग."

तिने ओठ जुळवले. नुसती हवा निघाली. तोंडाला कोरड पडली होती. डॉक्टर पाण्याची बाटली द्यायला हलले तसा त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि बाटली तिथेच राहिली. नुबियाने गिळून पुन्हा प्रयत्न केला. बारीक, उतरत जाणारी शीळ गेली. उत्तर नाही. रातकिडे किरकिरत राहिले. तिने पुन्हा शीळ घातली. ती डोळ्यांनी फांद्या शोधत होती, आणि छपराकडे नजर जाऊ नये म्हणून मान डावीकडेच ठेवली होती.

रस्त्याच्या पलीकडून शीळ आली. मग पक्षी येऊन विजेच्या तारेवर बसला.

तिने दुर्बीण पुढे केली. "चोच जाड आहे बघा. आणि छातीवर बारीक रेघा. त्यावरूनच हा ओळखायचा."

तो बराच वेळ पाहत राहिला. "एवढ्यासाठी बोगोताहून आलास, म्हाताऱ्या? करतोस काय?"

"दात बघायचो."

त्याने तोंड उघडून मागची दाढ दाखवली. डॉक्टर वाकून पाहू लागले. "काढावी लागेल," ते म्हणाले.

"आज नको," तो म्हणाला आणि हसला. फोटो त्याने स्वतः पुसला. कॅमेरा परत दिला. दुर्बीण मात्र हातातच ठेवून तो नुबियाला जीपच्या मागे घेऊन गेला.

"तू खोटं बोलत नाहीस, पटलं मला. इतक्या लांबून तुला रेघा दिसतात. रोज पहाटे इथून जातेस. मग खालून कुणाची गाडी येते, आत कोण बसलंय, तेही दिसत असेल."

"मी वर बघते, दादा. झाडावर."

"थोडं खालीही बघत जा." त्याने जर्सीने दुर्बिणीची भिंगं पुसून ती तिच्या गळ्यात घातली. "शनिवारी भेटू. आली नाहीस तर घर माहीत आहे."

जीप वळवून परतताना उतारावर डॉक्टरांनी विचारलं, "मागे काय म्हणत होता?"

"पक्ष्याचं नाव पुन्हा विचारलं."

"मग सुटलो म्हणायचं."

तिने गिअर बदलला. पुलाजवळ समोरून एक मोटारसायकल चढत आली. तिच्यावर तिघे होते. मधल्याचे हात पाठीमागे बांधल्यासारखे होते. नुबियाने नजर चाकापुढच्या खड्ड्यावर खिळवली. मोटारसायकल बाजूने निघून गेली. तरी दिसायचं ते दिसून गेलं होतं. मधल्याचा राखाडी शर्ट. डावा पाय अनवाणी. भुवईवर जुना व्रण. वय तिशीच्या आत. पानांआड अर्धा क्षण चमकलेला पक्षी ती चुकवत नसे, आणि हा तर उघड्या रस्त्यावर होता.

त्याला शोधत कुणीतरी येईल. आई येईल, नाहीतर पोलीस, नाहीतर दुसऱ्या बाजूची माणसं. आणि या रस्त्यावर रोज कोण असतं असं विचारत ते थेट पक्षीवालीच्या दाराशी येतील.

"दोन्या नुबिया," डॉक्टर म्हणाले, "त्या तिघांतल्या मधल्याला बरं नव्हतं का हो?"

"मी नाही पाहिलं," नुबिया म्हणाली.