मुकादमासाठी काढलेली मिशी

फुवांनी मिशी काढली, तो सोमवार होता.

फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांच्याइतका हट्टी माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल, आणि तापी आमच्या खानदेशातून थेट सुरतेपर्यंत येते हे लक्षात घेऊनच मी हे लिहितो आहे. नव्वदच्या दशकात मी सुरतेतल्या एका मराठी शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि गोडादऱ्यात त्यांच्या दोन खोल्यांत राहू लागलो. फुवा लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कारागीर होते. वीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते, पण हे त्यांना मान्य नव्हतं. हल्ली लोकच हळू बोलतात, असं ते म्हणत. कानांचं काम त्यांनी तळहाताकडे सोपवलं होतं. लूमच्या चौकटीवर हात ठेवून ते कुठे बिघाड होणार आहे ते आधीच सांगत. घरी रेडिओवर हात ठेवून बातम्या चालू आहेत की गाणं, ते ओळखत. मी शाळेतून आलो की माझ्या पाठीवर हात ठेवून, "मास्तर, आज पोरेस्नी लई तरास दिन्हा," असं निदान करत, आणि ते बहुतेक बरोबर असे.

गावी परत निघालेल्या एका साथीदाराने जाताना आपला ससा त्यांच्या हातात दिला. दिवसभर काही न करता सगळ्यांकडे डोळे वटारून बघतो म्हणून फुवांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. थोड्याच दिवसांत मुकादमाचं नाक वाहू लागलं, कुशी भात्यासारख्या हलू लागल्या. घुरघुर मला पलीकडच्या खोलीत ऐकू येई. फुवांना ती ऐकू येत नव्हती, पण त्यांनी दोन बोटं आणि तळहात त्याच्या बरगड्यांवर अलगद ठेवले, बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "यानामा काहीतरी अडकेल शे."

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "जुना विकार आहे. पूर्ण बरा होणार नाही, सांभाळावा लागेल. धूळ, धूर जवळ येऊ देऊ नका." यातलं "पूर्ण बरा होणार नाही" तेवढं सोडून बाकी सगळं फुवांनी ऐकलं. त्या दिवसापासून घरात मुकादमाचं राज्य सुरू झालं. आत्याचा स्टोव्ह गॅलरीत गेला. देवापुढची उदबत्ती बंद झाली. वाळलं गवत गच्चीवर झटकून, पाणी शिंपडूनच खाली येऊ लागलं. माझ्याकडून त्यांनी ग्रंथालयातून ससेपालनाचं पुस्तक आणवलं. त्यातलं शेवटचं प्रकरण ससा किती महिन्यांत विक्रीला तयार होतो यावर होतं. ते कळल्यावर पुस्तक घरात असेपर्यंत त्यांनी त्याची पाठ मुकादमाकडे करून ठेवली.

तरीही दम हटेना. मग फुवा एका लग्नासाठी आठ दिवस गावी गेले आणि मुकादम बरा झाला. नाक कोरडं, कुशी शांत. फुवा परतले, पहिली पाळी करून घरी आले आणि तासाभरात घुरघुर पुन्हा सुरू.

"तुमनं तोंड दखीसनच त्याले दम लागस," आत्या मोठ्याने म्हणाली. "माले बी लागस, पण मी सांगस कोनले?"

दुसरा कोणी असता तर रागावला असता. फुवा ताट बाजूला सारून विचार करत बसले. मग त्यांनी सदरा काढून उन्हाच्या तिरिपेत झटकला. सुताची बारीक तूस धुरासारखी वर उठली. ते तिच्याकडे बघत राहिले. वीस वर्षं ती त्यांच्या अंगावर होती, पण त्यांना ती तेव्हाच दिसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराबाहेर भिंतीत खिळा ठोकला. कामाचे कपडे खिळ्याला, अंघोळ जिन्याखालच्या नळावर आणि मगच घरात पाऊल. दम कमी झाला, पण गेला नाही. फुवांनी आरशात पाहिलं. केसांत तूस, भुवयांत तूस, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या झुबकेदार मिशीत. सोमवारी सकाळी ते न्हाव्याकडे गेले आणि डोकं, मिशी, दोन्ही साफ करून आले.

वडील हयात असताना आमच्याकडे कोणी मिशी काढत नाही. फुवा कोपऱ्यावर दिसताच गल्लीत कुजबुज झाली. तासाभरात बायका पदर डोक्यावर घेऊन आत्याकडे येऊन बसल्या, आत्याला काही विचारायच्या आत एक-दोघी रडल्याही. शेजारच्या वहिनींनी चुलीवर आमच्यासाठी पिठलं टाकलं. अखेर एका म्हाताऱ्याने फुवांच्या कानाशी ओरडून विचारलं, "कोन गयं, भाऊ?"

"कोनी नही," फुवा म्हणाले. "कोनी जावाले नको, म्हनीसन काढी."

आणि ते आत जाऊन मुकादमाच्या बरगड्यांवर हात ठेवून बसले. बायका बराच वेळ वाट पाहून, पिठलं खाऊन गेल्या.

बातमी मात्र थांबली नाही. तिसऱ्या दिवशी फुवांचे वडील स्वतः भुसावळ गाडीने आले, काठी आपटत जिना चढले आणि दारातच गरजले, "मी जित्ता शे! दखी ले!" फुवांनी त्यांनाही आधी नळावर हातपाय धुवायला लावले. नंतर म्हातारा दोन दिवस मुकादमासमोर बसून होता. निघताना म्हणाला, "मन्हापेक्षा याना दम बरा चालस."

ते खरं होतं. मुकादम त्यानंतर चार वर्षं जगला. फुवांनी मिशी पुन्हा कधी वाढवली नाही. मुकादम गेला तेव्हा तो त्यांच्या तळहाताखाली होता. लूम बंद पडला की हाताला जसं कळतं तसं कळलं, एवढंच ते म्हणाले.

तूस फुवांच्या छातीतही होती. ती धुवायला नळ नव्हता. शेवटच्या दिवसांत त्यांना फारसं बोलवत नसे. मी जवळ बसलो की ते माझा हात घेऊन आपल्या बरगड्यांवर ठेवत. एकदा म्हणाले, "दाबू नको, मास्तर. नुस्ता ठेव." मी नुसता ठेवला. त्यांना मूल नव्हतं, म्हणून क्रिया मी केली. न्हाव्याने माझी मिशी काढली तेव्हा मला तो सोमवार आठवला आणि हसू आलं. न्हावी थांबला. मी तोंड पुन्हा पुढे केलं.

आत्या आता एकटी राहते. दाराबाहेर खिळा आहे. मी जातो तेव्हा सदरा त्याला अडकवतो, हातपाय धुतो आणि आत जातो.